आलेखातली खळी

माझ्या लहानपणीचे घर पत्र्याचे होते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर वडिलांनी ते साताऱ्याला, डोंगराच्या पायथ्याशी बांधले. त्या घरात संध्याकाळ डोळ्यांना कळण्याआधी कानांना कळे. दिवसभर तापून ताणलेला पत्रा सूर्य कलला की आवळू लागे आणि ‘टक्... टक्’ असा बोलू लागे. खाली बसून आई पावट्याच्या शेंगा सोली आणि माझ्याकडून कविता पाठ करून घेई. मी अडखळले की पत्रा नेमका तिथे ताल धरी. पुढे मी उष्णतेच्या वहनावर संशोधन करू लागले तेव्हा नातेवाइकांना नवल वाटले; कवितेची पोर यंत्रांच्या नादी कशी लागली, असे त्यांनी विचारले. मला मात्र त्यात विसंगती दिसली नाही. कविता आणि उष्णता, दोन्ही मी एकाच छपराखाली शिकले होते.

आमची प्रयोगशाळा सांगलीत, विश्रामबागेच्या पुढे होती. तिच्या मागच्या मोकळ्या जागेत मी दोन बुटक्या खोल्या बांधून घेतल्या होत्या. जुळ्या बहिणींसारख्या, तीच वीट, तेच दार, तोच पत्रा. फरक एवढाच, की एकीच्या पत्र्याखाली आणि भिंतींना आतून उसाच्या चोथ्याचा जाड थर होता. रस काढून उरलेला हा चोथा आमच्या भागात ढिगांनी मिळतो. त्याचे अस्तर दिले तर पत्र्याचे घर उन्हाळ्यात किती निवते, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. शेवटचे प्रकरण त्या एका उन्हाळ्यावर अवलंबून होते. तो हातचा गेला, तर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहणे आले.

दोन्ही खोल्यांत बारीक तारा सोडलेल्या होत्या. आतले तापमान त्या तारांमधून प्रयोगशाळेतल्या संगणकावर येई आणि पडद्यावर दोन रेघा उमटत. दारे चिकटपट्टीने बंद केलेली. नोंदींची फेरी संपेपर्यंत ती उघडायची नाहीत, हा आमचा कडक नियम होता. हवेसाठी प्रत्येक खोलीच्या मागच्या भिंतीत, जमिनीलगत जाळी लावलेला एक झरोका होता. त्या बाजूला घाणेरीचे रान माजलेले. बाहेर इतके रणरणते ऊन, की तिकडे कुणी फिरकत नसे. थंडगार खोलीत बसून आम्ही उन्हाचा अभ्यास करीत होतो.

आमचे सर तासगावकडचे. घरची द्राक्षबाग असल्याने त्यांच्या टेबलावर बेदाण्यांचा डबा कायम भरलेला असे. अडलेल्या माणसाच्या हातावर आधी बेदाणे ठेवायचे आणि मग प्रश्न विचारायचा, अशी त्यांची रीत होती. तिसरा आमचा सहकारी जतकडचा, माझ्याहून धाकटा, मला ताई म्हणणारा. तारा आणि उपकरणे यांचा सारा कारभार त्याच्याकडे होता.

चैत्र सरता सरता अस्तराच्या खोलीची रेघ बिघडली. दिवसा ठीक, पण दिवस मावळल्यावरही ती पुरती उतरेना. रिकाम्या खोलीला न शोभणारी एक ऊब तिच्यात टिकून राहू लागली. शिवाय रोज एकदाच, शेजारच्या मेसमध्ये कांदा फोडणीला पडण्याच्या सुमारास, त्या उबेत एक छोटीशी खळी पडे आणि थोड्या वेळाने बुजून जाई. हसऱ्या मुलीच्या गालावर पडावी तशी. मी हे वाक्य साप्ताहिक अहवालात लिहिले. सरांनी त्यावर काट मारली.

“अगं, हा अहवाल आहे. ओवी नव्हे.” मग त्यांनी माझ्या हातावर बेदाणे ठेवले आणि आवाज खाली आणला. “खळीचं नंतर बघू. ही रात्रीची ऊब मला आवडलेली नाही. चोथ्यात ओल राहिली असेल तर तो आतून कुजायला लागतो. उकिरडा हिवाळ्यात वाफाळतो, पाहिलंयस ना?”

पाहिले होते. तोंडातला बेदाणा एकाएकी बेचव झाला. चोथा कुजत असेल तर प्रश्न एका उन्हाळ्याचा नव्हता. मग माझे अस्तरच निकामी होते आणि सगळा प्रबंध त्याच्याबरोबर मातीत जाणार होता.

सहकाऱ्याचे मत वेगळे होते. “ताई, खळी पडती ती मेसच्या मिक्सरनं. तो सुरू झाला की आपली तार दचकती.” हे सांगायला तो मेसच्या मावशींकडे गेला, मीही मागोमाग गेले. मावशी आधीच तापलेल्या होत्या. त्यांची तांबडी कोंबडी काही दिवसांपासून धड दिसत नव्हती.

“माझी कोंबडी गायब, आन् तू मिक्सर बंद कर म्हून सांगाय आलाईस व्हय रं?” त्यांनी उलथने त्याच्यावर रोखले. “खरं सांग, तुझ्या पोटात न्हाई न्हवं गेली?”

“आवं मावशी, मी सोमवार धरतो!”

“आन् बाकीचं वार?”

तो उलथन्याच्या टप्प्याबाहेर सरकला. मिक्सर मात्र दुसऱ्या दिवशी मावशींनी खरोखरच बंद ठेवला आणि चटणी पाट्यावर वाटली. खळी तरीही पडली.

आता कुजण्याचीच शंका उरली. दार उघडता येत नव्हते. पण वासाला दार लागत नाही. ऊन उतरल्यावर मी घाणेरीतून वाट काढत झरोक्यापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि जाळीला नाक लावले. कुजका चोथा आंबतो. शिळ्या ताकासारखा, ओल्या पोत्यासारखा वास यायला हवा होता. तसा आला नाही. आतून वाळल्या उसाचा मंद गोड वास आला आणि त्याच्यामागून आणखी एक, कोरडा, उबदार, धुळकट. उन्हात टाकलेल्या जुन्या उशीला येतो तसा. तो ओळखीचा होता, पण नाव आठवेना. जाळीचा एक कोपरा वाऱ्याने सुटलेला माझ्या लक्षात आला. आतल्या अंधारात मात्र काहीच दिसले नाही. मी सरांना म्हटले, “आंबूस वास नाही.” सर म्हणाले, “नाकाची नोंद प्रबंधात चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मेसच्या ओसरीवर चहाचा पेला घेऊन बसले होते. आत फोडणी चुरचुरली आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून एक तांबडी कोंबडी पळत आली. पिसे फुललेली, चाल घाईची, घशात ‘कुक् कुक्’ अशी अखंड कुरकुर. खरकट्यावर तिने अधाशासारखी चोच चालवली, पाणी प्याली आणि धुळीत अंग घुसळून घेतले.

“बया! ही बघा आली!” मावशी दारात येऊन ओरडल्या. “खुडूक झालीया रांड. कुठंतरी अंडी घालून बसलीया.”

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीतून सहकाऱ्याची हाक आली. “ताई! खळी पडली बघा!”

मी कोंबडीकडे पाहिले. मग खिडकीकडे. कोंबडीने पिसे झाडली आणि आली तशीच लगबगीने घाणेरीत शिरली. मी पेला तिथेच ठेवून आत धावले. पडद्यावरची रेघ तळाशी थोडी रेंगाळली आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर चढू लागली.

आम्ही मोबाइल एका काठीला बांधला आणि सुटलेल्या कोपऱ्यातून आत सरकवला. चित्रात आधी नुसता अंधार. मग छपरातून गळून कोपऱ्यात साठलेला चोथा, त्यात नीट कोरलेला एक खोलगा, आणि त्यात पसरून बसलेली ती. एक वाटोळा, नारिंगी डोळा आमच्याकडे अत्यंत नाराजीने पाहत होता.

“ताई,” सहकारी कुजबुजला, “आपल्या चोथ्याला पिलं व्हायची हायती.”

उशीचा वास आता ओळखू आला. तो पिसांचा होता.

मी हसत सरांकडे गेले. मला वाटले, सुटले. सरांनी चित्र पाहिले, तेही हसले, बेदाणे आमच्या हातावर आले, आणि मग प्रश्न आला. “कोंबडी सापडली, छान झालं. पण म्हणून चोथा कुजत नाही, हे कसं ठरलं? दोन्ही असू शकतं की.”

ते खरे होते. मी म्हटले, मग तिला आजच बाहेर काढू. ऊब गेली तर ती कोंबडीची, राहिली तर चोथ्याची. ही बातमी मेसपर्यंत कशी गेली कोण जाणे. मावशी पदर खोचून झरोक्यापाशी उभ्या राहिल्या. “उठवून तर बघा! अंडी गार पडली, तर ते पाप कुणाच्या माथ्यावर? तुमच्या त्या मशिनच्या?”

सरांनी एकदा मावशींकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. “थांबू या,” ते म्हणाले. “पिलं घेऊन ती आपली आपण उठेल. तेव्हा रेघ काय करते, तेच खरं उत्तर.”

म्हणजे माझे उत्तर आता एका कोंबडीच्या अंगाखाली उबत होते. आणि ते फुटेपर्यंत उन्हाळा थांबणार नव्हता. एका खोलीत बिऱ्हाडकरू, दुसरी रिकामी, अशा नोंदींची तुलना करणार तरी कशी?

त्या रविवारी मी साताऱ्याला घरी गेले. सांगलीच्या स्थानकावर एसटी रिकामी होती, तेव्हा खिडकीतून येणारा वारा सुसह्य वाटला. कऱ्हाडला माणसे दाटली. पोरे, पिशव्या, आंब्यांच्या पेट्या, घाम आणि मोगऱ्याचे गजरे. ऊन तेच, पत्रा तोच, पण गाडीतली हवा वेगळीच झाली. शेजारच्या बाई पदराने वारा घेत म्हणाल्या, “माणसाचीच धग लय असती बघा.” मी त्यांच्याकडे इतक्या आनंदाने पाहिले, की त्या जराशा सरकून बसल्या. आमच्या विषयावरचे जे जे मी वाचले होते, त्यातल्या खोल्या बहुतेक रिकाम्याच होत्या; आणि छपराखालचे घर कधी रिकामे नसते. तिथे कुणी शेंगा सोलत असते, कुणी कविता पाठ करत असते, आणि प्रत्येकाच्या अंगातून थोडी थोडी ऊब हवेत जात असते.

सोमवारी मी सरांना म्हटले, “कोंबडीला उठवायचं नसेल, तर दुसऱ्या खोलीतही एक कोंबडी बसवू.”

खरी कोंबडी सांगून बसत नाही. म्हणून आम्ही खोटी केली. एका जिवंत कोंबडीच्या अंगातून निघेल साधारण तेवढीच उष्णता देणारा लहानसा दिवा शोधला, तो एका छोट्या मडक्याखाली झाकला आणि मडके काठीने ढकलत दुसऱ्या खोलीच्या झरोक्याची जाळी सोडवून तिथून कोपऱ्यात नेऊन बसवले. आत सारण्याआधी सहकाऱ्याने त्यावर चुन्याने चोच आणि दोन डोळे काढले. अडचण एवढीच होती, की खरी कोंबडी रोज जेवायला उठे. तेव्हा मडक्याच्या कोंबडीलाही उठणे भाग होते. मावशींनी हे काम आपणहून अंगावर घेतले. फोडणीच्या वेळी त्यांची आरोळी येई, “उठली रं!” आणि सहकारी बटण बंद करी. “बसली रं!” की पुन्हा चालू. परगावाहून आलेल्या एका प्राध्यापकांनी हे पाहून सरांना हळूच विचारले, की हा कुठला विधी आहे. सर गंभीरपणे म्हणाले, “नियंत्रित प्रयोग.”

दोन्ही रेघा आता एकाच लयीत चालू लागल्या. खळ्याही जोडीने पडू लागल्या. आणि दोन्ही घरांत बिऱ्हाड असताना अस्तराचे घर दुपारी स्पष्टपणे निवलेले दिसत होते. हे सगळे चांगले होते. तरीही रोज सकाळी पडदा उजळला की मी आधी रात्रीचीच रेघ पाही, कारण रात्रीच्या उबेत चोथ्याचा वाटा आहे की नाही, हे अजून ठरले नव्हते.

एका सकाळी जाळीतून बारीक चिवचिव ऐकू आली. कोंबडी आणखी एक दिवस आतच राहिली. मग ऊन तापायच्या आधी ती बाहेर पडली. मागून मोहरीच्या फुलांच्या रंगाचे मऊ गोळे एकेक करून झरोक्याचा उंबरा ओलांडू लागले. शेवटचा अडकला, तेव्हा सहकाऱ्याने त्याला बोटाने अलगद ढकलले. “जा गड्या,” तो म्हणाला, “ताईचा निकाल अडलाय.”

आम्ही दोन्ही जाळ्या पक्क्या केल्या, मडक्यातला दिवा बंद केला आणि पडद्यासमोर बसलो. मावशी चहा घेऊन आल्या त्या तिथेच टेकल्या. दिवस कलला. अस्तराच्या खोलीची रेघ उतरू लागली. ज्या उंचीवर ती इतके दिवस अडून बसत असे, तिथे आली. मागच्या बाजूला उघडा पत्रा आवळू लागला होता, ‘टक्... टक्’. रेघ त्या उंचीवर क्षणभर थबकल्यासारखी वाटली आणि तशीच खाली उतरत गेली, शांतपणे, रिकाम्या खोलीच्या रेघेने उतरावे तितकी.

सर उठले. “दार उघड,” ते म्हणाले.

चिकटपट्टी निघताना चरचरली. आत वाकून मी भिंतीच्या अस्तरात कोपरापर्यंत हात खुपसला. चोथा कोरडा होता. मुठीत धरला तर कुरकुरत होता, आणि त्याला गुळाच्या पहिल्या वाफेची अंधुक आठवण होती. कोपऱ्यातल्या खोलग्यात कवचाचे तुकडे पडले होते, आणि एक तांबडे पीस.

मी बाहेर आले, तेव्हा मावशी दुसऱ्या खोलीच्या झरोक्यापाशी वाकून विजेरीच्या उजेडात चोच काढलेल्या मडक्याकडे बघत होत्या.

“हिनं इतकं दीस काय केलं मग?” त्यांनी विचारले. “नुसतीच बसून वीज खाल्ली?”

“नाही मावशी,” सर म्हणाले, “हिनं एक प्रकरण घातलं.” मग माझ्याकडे वळून त्यांनी डबा पुढे केला. या वेळी बेदाण्यांमागून प्रश्न आला नाही. “आणि त्यात ते गालावरच्या खळीचं वाक्य असू दे,” ते म्हणाले. “एकच. दुसरं दिसलं तर काट मारीन.”