लीलाताईंचा शनिवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. पण आता पोटात ठेववत नाही.

काशीदला आमच्या घरी पर्यटक उतरतात. दोन-चार खोल्या, अंगण, घरचं जेवण. नाव झालं ते मात्र लीलाताईंच्या हातामुळे. वरच्या वाडीतून त्या रांधायला यायच्या. तांदळाची भाकरी अशी थापायच्या, की पुण्याची मंडळी फोटो काढत बसायची आणि भाकरी गार व्हायची!

त्यांना मी ‘घरच्याच’ म्हणायचे. किती गोड शब्द, नाही? घरच्या माणसाला कसली आलीय जेवणाची सुट्टी? रांधणारीनं सगळ्यांच्या मागून जेवायचं — हे मला सासूबाईंनी शिकवलं, आणि तेव्हा मी मनातून किती धुसफुसायचे! तरी लीलाताईंना तोच नियम लावला. पाहुणे समुद्रावरून उठायचे नाहीत, दुपार कलायची, आणि तोवर या शेगडीपाशी उभ्या. उपाशी.

त्या शनिवारी असंच एक मोठं कुटुंब यायचं होतं. लीलाताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. “वयनी, डोकं गरगरतंय. दोन घास खाऊन घेऊ का?” मी काय म्हटलं? “आता येतीलच हो ते. तेवढी सुरमई तळून घ्या.” आवाज चढवला नाही. हसून म्हटलं.

तळता तळताच त्या कोसळल्या. कढई उजव्या हातावर आली.

मुरूडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लं होतं का? त्यांचा नवरा धावत आलेला, शेजारीच उभा. आणि माझ्या तोंडून निघालं — “शनिवार धरतात त्या. कडक उपास.” कुठून सुचलं? इतकं सहज कसं सुचलं? नवरा चकित होऊन बायकोकडे बघायला लागला. लीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

“व्हय,” म्हणाल्या.

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, बरीच नंतर. दवाखान्याचं सगळं मी केलं, तर लोक म्हणाले, कामाच्या बाईला किती जीव लावते!

हाताची जखम भरून आली, पण बोटं आखडली. भाकरी थापणं संपलं. आता त्या भाजी निवडायला, ताटं वाढायला येतात. आणि शनिवारी जेवत नाहीत. वाडीभर झालेली गोष्ट — निभवायला नको? एका शब्दानं त्यांना सोडवणं माझ्या हातात होतं. पण — हेही सांगायलाच हवं — मला ते सोयीचं वाटलं. आमच्याकडे गर्दी शनिवारीच असते. त्यांच्या जेवणाचा प्रश्नच मिटला.

परवा त्यांचा नवरा आला होता. “वयनी, तिला सांगा जरा. वय झालं आता, शनवार सोड म्हनावं. तुमचं आयकंल ती.” लीलाताई आत ताटं पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या, ते मला कळलं. मी म्हणाले, “श्रद्धा आहे हो त्यांची. मी कोण बोलणार?”

आत पुन्हा ताटांचा आवाज सुरू झाला.

त्यांचा उपास कधीच नव्हता. त्यांना भूक लागली होती. त्यांनी जेवायला मागितलं होतं, आणि मी जेवू दिलं नाही.