सुधाकररावांची हरकत

गौरव समितीच्या मंडळींनो, लेख फार उशिरा पाठवत आहे, त्याबद्दल माफी असावी. खरं तर तो कधीच लिहून झाला होता आणि चांगला गोड होता. परवा समारंभाच्या पत्रिकेचा नमुना घरी आला आणि तो लेख मी फाडून टाकला. हा दुसरा. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे. शुद्धलेखन खुशाल सुधारा, शब्द मात्र बदलू नका. बदलायची सवय तुम्हाला लागली आहे, म्हणून सांगतो.

श्री. सुधाकर ओव्हाळ यांची नि माझी ओळख गोठ्यामुळे झाली. म्हशी विकल्यावर धायरीतला आमचा गोठा रिकामा पडला होता. एका रविवारी पाठीला गिटार बांधलेले सुधाकरराव स्कूटरवरून दारात आले आणि सरावाला जागा मिळेल का, असं त्यांनी विचारलं. ते सरकारी कचेरीत कारकून, राहायला येरवड्याला, आणि ‘घण’ या चौघांच्या रॉक बँडचे गायक. आधी ते कोथरूडला एका मित्राच्या घरी वाजवत. तिथल्या सोसायटीने जिन्यात पाटी लावली होती: ‘संगीताच्या नावाखाली येथे तोडफोड करू नये.’ मी गोठा दिला. पहिल्याच दिवशी पत्रे थरथरले तशी आमची मंडळी बाहेर आली आणि म्हणाली, “अवो, हे गात्यात का कुणाला हाणत्यात?”

“वहिनी, दोन्ही,” सुधाकरराव म्हणाले.

बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली ती ही वर्षं. आमच्या गावाशेजारच्या गायरानावर गुरं चरत, कडेला दहाबारा बौद्ध कुटुंबांची घरं होती. तिथे संगणकाच्या कंपनीची इमारत येणार, असं बोललं जाऊ लागलं. एका सकाळी ग्रामपंचायतीचा माणूस कागद घेऊन आला. “तात्या, सही करा. ना हरकत हाय नुसती.” मी केली. गावात बहुतेकांनी केली. सगळ्या गोष्टींना ‘हरकत नाही’ म्हणायची आमची पिढीजात सवय.

रविवारी सुधाकररावांनी कागदाची नक्कल वाचली. “तात्या, गायरान गेलं तरी तुमची हरकत नाही, असं तुम्ही लिहून दिलंय.”

“मला कुठं कुणी इचारलं?”

“तेच तर.”

मला लागेल असा एक शब्दही ते बोलले नाहीत. त्यांनी सही मागे घेण्याचा अर्ज माझ्याकडून, माझ्याच अक्षरात लिहून घेतला. पुढे कित्येक आठवडे अर्ध्या दिवसाची रजा काढून ते माझ्याबरोबर तहसील कचेरीत येत. अर्ज सापडत नाही, हेच उत्तर दर वेळी मिळे. एकदा तर साहेब म्हणाले, असा अर्ज आलेलाच नाही. मी तिथेच उभा होतो! त्या संध्याकाळी गोठ्यात गाणं झालं:

कागद तुमचा, शिक्का तुमचा,
पायाखालची माती आमची,
हरकत आहे!

ते गाणं त्यांनी भर गावसभेत वाजवलं. सरकारी नोकरीत असून असं केलं म्हणून त्यांच्या कचेरीने त्यांच्याकडे लेखी माफीनामा मागितला. सुधाकररावांनी विचारलं, “माफी कशाची? सूर चुकला का?” त्यांची बदली दूर आडगावी झाली. तरी दर रविवारी एसटीने येऊन ते गोठ्यात उभे राहत.

गायरान गेलंच. घरं उठली. काचेची इमारत उभी राहिली आणि काही वर्षांनी तिथल्या वार्षिक समारंभाला ‘घण’ला बोलावणं आलं. ते गेले म्हणून मी चिडलो होतो. ते म्हणाले, “तात्या, ज्यांची हरकत आहे त्यांच्यापुढेच किती दिवस गायचं?” गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं त्या गाण्यावर नाचली. एक जण येऊन म्हणाला, “सर, कसलं भारी! मॅनेजरला ऐकवायला पाहिजे.” सुधाकरराव म्हणाले, “ऐकव की. आधी ही इमारत कशावर उभी आहे ते विचार त्याला.”

आणि आता ही पत्रिका. साठीनिमित्त सुधाकरराव आपलं गाजलेलं गीत सादर करतील: ‘हरकत नाही’. मला वाटलं छपाईची चूक असेल. चिटणीसांना फोन केला.

“तात्या, चूक नाही ती. साठीचा सोहळा आहे, जरा पॉझिटिव्ह नको का? शिवाय प्रायोजक बिल्डर आहेत.”

“सुधाकररावांना इचारलं का?”

“विचारलं ना. ते म्हणाले, हरकत नाही.”

तेव्हापासून मला चैन नाही. कोणत्या सुरात म्हणाले? पुण्यात हे दोन शब्द माणूस होकारासाठी वापरतो आणि समोरच्याला हाकलण्यासाठीही. की ते थकले? तीन वेळा फोन हातात घेऊन मी ठेवून दिला. ते खरोखरच म्हणाले असतील तर?

समितीला हे साधं गाणं वाटतं. अहो, माझा अर्ज कुठल्याच दप्तरात नाही. उठवलेल्या घरांची नोंद नाही. आमच्या नावाने नोंदवलेली एकच हरकत या जगात शिल्लक आहे आणि ती त्या गाण्यात आहे. ती तुम्ही शाल-श्रीफळाखाली गाडायला निघालात आणि वर मला गौरवलेख मागता! लाज वाटते का कुणाला?

सुधाकरराव, या लेखाची एक प्रत तुमच्या घरच्या पत्त्यावरही टाकतो आहे. तुमची प्रकृती उत्तम राहो, गळा शाबूत राहो, शंभरी तुम्ही उभ्याने आणि आवाज चढवूनच गाठा, ही मनापासूनची इच्छा. तुम्ही काहीही म्हणाला असाल तरी माझा आदर उणा होणार नाही. राग मात्र येईल, तो येणारच. पत्रिका येत्या शुक्रवारी छापायला जाते. त्याआधी तुमच्या तोंडून मला कळू द्या. फोन केलात तर मोठ्याने बोला. हल्ली मला कमी ऐकू येतं आणि त्याला निम्मे तुम्हीच जबाबदार आहात.