टोपी पुरी होईपर्यंत

अमेरिकेतल्या आमच्या गावच्या बेसबॉलच्या मैदानात माझ्या शेजारी बसणारी मार्था दर सामन्याला लोकरीची एक टोपी विणते. पूर्वी सामना संपायच्या आत टोपी पुरी व्हायची. आता नवा नियम आलाय. भिंतीवर उलटं धावणारं घड्याळ शून्यावर यायच्या आत चेंडू फेकलाच पाहिजे. पूर्वी फेकणारा हाताला माती चोळायचा, आभाळाकडे बघायचा, उगाच रेंगाळायचा. त्या रिकाम्या वेळातच मार्था आणि मी बोलायचो. माझं मोडकंतोडकं इंग्रजी तिथेच धीट झालं. घाई नेमकी कुणाला झाली होती? वेळ वाचवायचाच असता तर आम्ही घरून निघालोच नसतो!

काल सामना लवकर आटोपला. माणसं भराभर उठली, पण टोपी अर्धीच होती. मार्था विणतच राहिली. रखवालदार येऊन म्हणाला, "मॅडम, खेळ संपला."

"त्यांचा संपला," सुयांवरची नजर न हलवता ती म्हणाली.

मी निघायला उठले होते. खांद्यावरची पर्स खाली ठेवली, पुन्हा बसले आणि लोकरीचा गुंडा माझ्या मांडीवर घेतला.