तान्हामावशींचा रिकामा माइक

साउंडच्या धंद्यात वायर कितीही नीट गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी पेटी उघडली की गुंताच! आमच्या यवतच्या गायन मंडळाच्या किश्शांचंही तसंच आहे. एक ओढला की चार बाहेर येतात. त्यातले तान्हामावशींच्या कार्यक्रमाचे मी एकटा असताना सहसा आठवत नाही. तुम्ही सगळे बसलाय म्हणून सांगतो.

*

तान्हामावशी आमच्या मंडळाच्या गायिका. आयुष्यभर गावोगाव भीमगीतं गायल्या, आणि दाढेखाली कायम लवंग! आम्हा साउंडवाल्यांना माइकची जाळी हुंगली की कोण गाऊन गेलं ते कळतं. कुणाची तंबाखू, कुणाची वेलची. मावशींचा माइक धुतला तरी आठवडाभर लवंगेचा वास मारायचा.

एकदा एका पाहुण्या गायकानं तो हातात घेतला आणि नाक मुरडलं. "यात कुणी मसालेभात खाल्लाय का?"

मावशी म्हणाल्या, "खाल्ला न्हाई, गायलाय!"

*

त्या गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मागं राहिली एक कॅसेट, कवठे येमाईच्या कार्यक्रमात कुणीतरी टेपरेकॉर्डरवर भरलेली. त्यातलं त्यांनी स्वतः रचलेलं विहिरीचं गाणं आज इकडं सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. पण कॅसेट संपली आणि शेवटचं कडवं राहून गेलं! मावशी काही लिहून ठेवत नसत.

पेटीवाले सोपानआबा त्या दिवशी साथीला होते. आता त्यांना नीट दिसत नाही, आणि ते कडवंही आठवत नाही. "मरायच्या आधी तेवढं एकदा कानावर पडावं," एवढंच म्हणायचे. मला दरवेळी फार वाईट वाटायचं.

मावशींची नात वैशाली रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे. तिनं ठरवलं, तो कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा करायचा. कॅसेट थांबते तिथंच आपणही थांबायचं.

*

जसाच्या तसा म्हणजे किती? बाई क्वालिटीतली! आजी कुठं खोकली, कुठं पाणी प्यायली, सगळं वहीत. दोन महिने प्रॅक्टिस झाल्यावर आबा पहिल्यांदा ऐकायला आले. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ही तान्हाबाई न्हाई. तिची चुलतबहीण हाय कुणीतरी!"

मग उलगडा झाला. कॅसेट भरताना टेपचे सेल उतरले होते, फीत रेंगाळत फिरली होती. त्यामुळे आता वाजवली की आवाज खऱ्यापेक्षा चढा लागतो. आम्ही अख्खं गाणं चढ्या पट्टीत बसवलेलं!

"आबा, लोकांच्या कानात आता हीच पट्टी बसलीय. ऱ्हाऊ द्या," वैशाली म्हणाली.

आबांनी पेटी पुढं ओढली आणि चढ्या पट्टीत साथ धरली.

*

कॅसेटमध्ये दुसऱ्या कडव्यानंतर एक माणूस ओरडतो, "व्हय गं माझे बाई!" ते काम निवेदक कांबळे सरांना दिलं होतं. यवतचा हॉल, भर दुपारची वेळ, माणसं गच्च. दुसरं कडवं संपलं आणि मागच्या रांगेतून अगदी तोच घोगरा आवाज आला. माझ्या अंगावर काटा!

नंतर सर भेटले. म्हटलं, "सर, काय टायमिंग!"

सर ओशाळले. "अहो सॉरी, मला गाडी काढायला बोलावलं, मी पार्किंगमध्ये होतो. मग कुणाला सांगितलंत?"

कुणालाच सांगितलं नव्हतं.

*

आमच्यात एक रीत आहे. गेलेल्या माणसाच्या आठवणीचा कार्यक्रम असला की त्याचा माइक त्याच्या जागी उभा करायचा, हार घालून. वायर जोडायची नाही. मावशींचा माइक मीच आबांशेजारी लावला होता, आदल्या दिवशी जाळी साबणानं धुऊन, उन्हात वाळवून.

कॅसेट संपते तिथं वैशाली ठरल्याप्रमाणे हात जोडून थांबली. ढोलकी थांबली. आबांची पेटी मात्र थांबली नाही! त्यांनी पट्टी उतरवली, खऱ्या जागी आणली आणि त्या रिकाम्या माइककडे कान करून साथ करत राहिले. ओळ संपली की थांबायचे, श्वासाला जागा द्यायचे, पुन्हा उचलायचे. हॉलमध्ये कुणी हललं नाही. अख्खं कडवं वाजवून त्यांनी भाता मिटला.

डोळे पुसत ते म्हणाले, "वैशू, शेवटचं कडवं लई बेस म्हणलंस गं. अगदी तवासारखं!"

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं ओठसुद्धा हलवले नव्हते. मग तिनं आबांचा हात हातात घेतला. "व्हय आबा," एवढंच म्हणाली.

माणसं पांगल्यावर मी सामान आवरायला घेतलं. वैशालीच्या माइकला खोकल्याच्या गोळीचा वास होता. सवयीनं मावशींचाही नाकाशी नेला. जाळी ओलसर होती. आणि लवंग!

तो माइक मी अजून धुतलेला नाही.