जामखेडला पोचवलेली ओळ ३५०

या ब्लॉगवर मी जुन्या घरगुती संगणकांबद्दल लिहिते. या वेळचा प्रवास मात्र यंत्र बघायला नव्हता. माझी एक चूक सांगायला मी जामखेडला गेले.

दोन वर्षांपूर्वी तिथल्या मोरे सरांची मेल आली होती. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्या तरुणपणी संगणकछंदाची मासिकं अख्खे प्रोग्रॅम छापायची. वाचक ते ओळीओळीने टाइप करून कॅसेटवर साठवायचे. सरांनी मित्राचा एक अंक दोन दिवसांसाठी आणला, आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, त्यातला चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ वहीत लिहून घेतला. खेळ सुरू व्हायचा, पण यान दरवेळी आपटायचं. वहीच्या पानांचे फोटो सोबत होते. ओळींचे क्रमांक दहा-दहाने वाढत होते, फक्त ३४० नंतर थेट ३६०. तो अंक तुमच्याकडे आहे का, एवढंच सरांनी विचारलं होतं.

अंक माझ्या कपाटात होता. तो न उघडताच मी इथे, वाचकांच्या प्रश्नांमध्ये, उत्तर दिलं: "वहीत लिहिताना ओळ ३५० गाळली गेली आहे."

गेल्या महिन्यात कपाटातला जुन्या अंकांचा गठ्ठा स्कॅन करायला घेतला. छापील पानावरही ३५० नव्हती. पुढच्या अंकात, वाचकांच्या पत्रांखाली, बारीक टायपात दुरुस्ती होती. ओळ मासिकानेच गाळली होती. काकूंच्या वहीतलं अक्षर न् अक्षर छापल्याबरहुकूम होतं.

शनिवारी सकाळी सहाला पुण्याहून निघाले. अहिल्यानगरला एसटी बदलावी लागते. तिथे मिसळ खाऊन घ्या, कारण पुढची गाडी कधी लागेल सांगता येत नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जातानाही मध्ये कडा-आष्टीला बीड जिल्हा लागतो. आष्टीपर्यंत रस्ता बरा होता, पुढे काम चालू होतं. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाऊन-येऊन पाचशेच्या आत भागलं.

बाराच्या सुमारास पोचले. काकूंनी आधी जेवायलाच बसवलं. हुलग्याची शेंगोळी आणि भाकरी. मी अंक अजून पिशवीतून काढले नव्हते. हे संगणक टीव्हीलाच जोडायचे असत. टीव्हीखालचा कप्पा रिकामा दिसला म्हणून विचारलं, "सर, यंत्र कुठंय?"

"दिलं. भंगारात," सर म्हणाले. "तुमचं उत्तर वाचलं आणि म्हटलं, लागला निकाल. मूळ अंक मिळेल म्हणून ठेवलं होतं इतकी वर्षं."

"माझ्याच चुकीनं अडलंय तर कशाला ठिवायचं, मीच म्हनलं," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "घे की अजून. लाजती काय?"

मी हात धुतले आणि दोन्ही अंक टेबलावर उघडून ठेवले. जे झालं ते क्रमाने सांगितलं. सरांनी चष्मा लावून दोन्ही पानं दोनदा वाचली. काकूंनी पान पाहिलंच नाही, त्या सरांकडे बघत होत्या.

"म्हंजे मी गाळली न्हवती?"

"नाही, काकू."

"पस्तीस वर्षं ऐकतीय मी. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हनायचे, गाळलीस का ओळ?" त्या माझ्याकडे वळल्या. "काय हुतं गं त्या ओळीत? वाच बरं."

मी वाचलं, "तीनशे पन्नास. व्ही बरोबर व्ही वजा टी." टेबलाच्या प्लास्टिकवर सरांची बोटं हलली. पूर्वी काकू वहीतून वाचायच्या आणि ते टाइप करायचे.

"एवढीशीच?"

"बटण दाबलं की यानाचा वेग कमी होतो, तेवढंच."

"आगं बया! बिनब्रेकाची गाडी चालवत हुतो आमी." काकू हसल्या. सर हसले नाहीत.

"विज्ञान शिकवायचो मी," ते म्हणाले. "दाबून वेग कमी होत नाही, हे दिसत होतं. तरी मी हिच्या वहीतच चूक शोधत राहिलो."

"मीसुद्धा," मी म्हणाले. साडेतीनच्या गाडीने परत निघाले. अंक त्यांच्याकडे ठेवून आले.

पुण्यात रविवारी तो प्रोग्रॅम लॅपटॉपवर, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काकूंच्या वहीच्या फोटोंवरून टाइप केला. ३५० घातली. तिसऱ्या प्रयत्नात यान अलगद टेकलं. व्हिडिओ सरांना पाठवला. माझं जुनं उत्तर इथून काढलेलं नाही. त्याखाली दुरुस्ती लिहिली आहे, त्याच आकाराच्या अक्षरात.

संध्याकाळी सरांच्या फोनवरून काकूंचा व्हॉइस मेसेज आला.

"बघितलं बाई. उतरलं. लई छान. पन आमच्या टीव्हीवर न्हाई उतरलं."

मागून सर म्हणाले, "वही मी जपून ठेवलीय म्हणावं." त्यावर काकूंचं उत्तर ऐकू आलं, "व्हय, सांगते." आणि रेकॉर्डिंग संपलं.