नळावर सापडलेल्या चाली

सुष्माला सकाळची भीती वाटू लागली होती. उजाडलं की पेटीपुढं चाल बांधायला बसायचं, आणि बसलं की काही सुचायचं नाही. दोन महिने हेच चाललं होतं आणि घटस्थापना आता अकरा दिवसांवर आली होती.

म्हैसूरच्या अग्रहार भागात दसऱ्याला घरोघरी बाहुल्या मांडतात. मांडणीत दरवर्षी एक तरी नवी बाहुली हवी, हा रिवाज सगळ्यांचाच. सुष्माच्या घरात मात्र आणखी एक हट्ट होता: पहिल्या दिवशी बाहुल्यांपुढं एक पद नव्या चालीचं झालंच पाहिजे. हा हट्ट तिच्या आईचा, गोदावरीबाईंचा. चाली त्या बांधायच्या, गल्लीतल्या बायका म्हणायच्या. चाल वहीत उतरवली की ती कुठं मिळाली हे समासात टिपायचं, हाही त्यांचाच शिरस्ता. चाल 'सुचली' म्हटलेलं त्यांना खपत नसे. चाल सापडते, म्हणत.

मग बावन्नाव्या वर्षी गोदावरीबाईंना चाल सापडेनाशी झाली. त्या दसऱ्याला तेवीस वर्षांच्या सुष्मानं कशीबशी वेळ मारून नेली आणि ते काम कायमचं तिच्या गळ्यात पडलं. "देवी कोपली गं," एवढंच आई बोलली. आपली वही तिनं चंदनी राजाराणी बाहुल्यांच्या जुन्या वस्त्रात बांधली आणि बाहुल्यांच्या पेटाऱ्यात तळाशी ठेवली. त्यानंतर तिनं कधी साधं गुणगुणलंही नाही. दरवर्षी बाहुल्या बाहेर यायच्या, ते गाठोडं मात्र तसंच आत राहायचं. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

आता सुष्माला बावन्नावं लागलं होतं.

तशी ती सव्वीस वर्षं हुणसूरच्या शाळेत शिकवायची. रोज सरकारी बसनं जायचं, बसनं यायचं. गाण्याला वेळ मिळत नाही, ही तिची जन्माची रड. एप्रिलमध्ये तिनं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. पेटी खिडकीपासून हलवली. भाजीवाल्याच्या आरोळीनं सूर मोडतो म्हणून खिडकी लावून घेतली. शिकवण्या बंद केल्या. सकाळी सहा ते दुपारी एक नुसती साधना! इतकी सोय तर गवयांच्या घराण्यातही कुणी कुणाची केली नसेल.

आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या दिवशी मात्र काहीतरी आलं. चार ओळी झाल्या, सुष्माचा ऊर भरून आला. तिनं शेजारच्या सहानाला बोलावलं. ही कॉलेजातली पोरगी तिच्याकडंच गाणं शिकलेली. सहानानं डोळे मिटून ऐकलं आणि मग चाचरत म्हणाली, "छान आहे मिस. पण... हे आपण मागं एकदा बसवलेलं, अल्वा? हो ना?"

सहाना पुढची ओळ म्हणूनही मोकळी झाली. सहा वर्षांपूर्वीची सुष्माची स्वतःचीच चाल होती ती, आणि तिला ओळखूसुद्धा आली नव्हती. म्हणजे नवं संपलं, आणि जुनं कुठलं हेही कळेनासं झालं. सहाना गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मधल्या खोलीत आई खिडकीतून बाहेर बघत गप्प बसली होती, गेली एकोणतीस वर्षं बसत आली तशीच. आपणही उद्यापासून अशाच बसणार, असं सुष्माला वाटलं.

बाहुल्या काढायच्या म्हणून दुपारी तिनं पेटारा उघडला. तळाशी ते गाठोडं होतंच. मग 'आता आणखी काय व्हायचं राहिलंय' म्हणत तिनं गाठ सोडली.

आईचं अक्षर बारीक, सरळ. समासात लिहिलेलं होतं: 'नळावर. दुसरी घागर भरताना.' 'नळावर. दोघी भांडत होत्या तेव्हा.' 'नळावरून परत येताना, कोपऱ्यावर.' पानं उलटली तरी नळच. गल्लीच्या तोंडाचा तो सार्वजनिक नळ सुष्मालाही आठवत होता. आईच्या रोज पाच खेपा व्हायच्या तिथं. मग एका पानावर मोठ्या आनंदानं लिहिलेलं: 'आज घरात नळ आला!' त्याच्या पुढच्या चालीच्या समासात 'घरात.' त्याच्या पुढं 'घरात', आणि ती चाल खोडलेली. पुढची पानं कोरी.

सुष्मानं स्वतःची वही आणली. 'हुणसूर बस, बिळीकेरेपाशी.' 'बस, उभ्यानं.' 'बस बंद पडली तेव्हा.' सव्वीस वर्षं हेच! आणि एप्रिलनंतर तीन चाली, तिन्ही खोडलेल्या, तिन्हींपुढं एकच शब्द: 'घरात.'

दुसऱ्या दिवशी तिनं काही काम नसताना हुणसूरची बस पकडली. बायकांना प्रवास फुकट, म्हणून कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट हातावर ठेवलं. जाताना काहीच मिळालं नाही. बिळीकेरे गेलं, तंबाखूच्या भट्ट्या गेल्या. समजा, बसमध्येही काही उरलं नसलं तर? मग कुठं जायचं? हुणसूरला कॉफी प्यायली, तीही अर्धीच. परतताना उभ्यानंच यावं लागलं. इलवालच्या अलीकडं एक बाई रडणाऱ्या तान्ह्याला थोपटत होती आणि खड्डा आला की तिची थाप चुकत होती. तीन थापा, एक चूक. सुष्मानं तिकिटाच्या मागं चार स्वर लिहिले. पुन्हा जुनंच निघेल या भीतीनं ते मोठ्यानं म्हणायचा धीर तिला घरी येईपर्यंत झाला नाही.

घरी आल्यावर ती आईपुढं बसली आणि तिनं ते चार स्वर म्हटले. एकदा, मग पुन्हा.

गोदावरीबाईंची मान हळूच वळली. "कुठं सापडलं?"

"बसमध्ये. इलवालच्या अलीकडं." सुष्मानं आईची वही तिच्या मांडीवर ठेवली. वही बघताच म्हातारीनं हात मागं घेतला. "अय्यो, ते बेडा गं. नको ते."

"आई, चाल नको वाचूस. नुसता समास वाच."

गोदावरीबाईंनी चष्मा लावला. बोट नळावरून नळावर फिरलं, 'घरात'पाशी थांबलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाकडं पाहिलं.

"म्हणजे देवी कोपली नव्हती?"

सुष्मानं नाही म्हणून मान हलवली.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. मग भिंतीचा आधार घेत उठली आणि दाराशी आपल्या चपला शोधू लागली.

"उद्याची पहिली बस किती वाजता गं?"