एक्स-रेत न दिसलेली जाळी

देवावर रुसायचं तर तोंड फुगवावं लागतं, न् माझं तोंड आधीच फुगलेलं हुतं. आमच्या तिसगावाकडं लग्न असो का जत्रा, नकला करायला मलाच उभं करत्यात. सरपंच, कंडक्टर, सुनेला ऐकू जाईल असं कण्हणारी सासू, सगळे मी एकाच जबड्यातनं काढायचो. त्याच जबड्याचं डावीकडचं हाड आतल्या गाठीनं खाऊन टाकलं.

नगरच्या डॉक्टर मॅडमनी गाठ काढली न् पोकळीत एक जाळी बसवली. "ही परत काढायची नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या आधारानं तुझंच हाड वाढेल आणि ही हळूहळू विरघळून जाईल. तोवर कडक खायचं नाही, बडबड कमी." बडबड कमी! बाहेर येऊन मी नुसत्या हातानं मॅडमची नक्कल केली, तर आई हसली न् हसता हसता रडली. पोराचा आवाज जाऊ नये, एवढंच साकडं तिनं भैरोबाला घातलं हुतं.

काही आठवड्यांनी गाल परत सुजला. मॅडमनी दिलेली तारीख लांब हुती, म्हणून अण्णांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, गावातच एक्स-रे काढून आणला न् उन्हात धरला. जिथं जाळी बसवलेली, तिथं नुसतं काळं भोक.

"हितं तर कायच न्हाई. जाळी कुठंय?"

"विरघळली आसंल," आई म्हणली.

"इतक्यात? साखर हाय का ती?"

एरवी मी ह्याच्यावर आठवडाभर गाव हसवलं असतं. त्या दिवशी भैरोबाच्या देवळात गेलो न् हात न जोडताच माघारी आलो. म्हणलं, तुझ्याकडं बी असंच काळं भोक हाय वाटतं.

पलीकडच्या गावात हाड बसवणारा एक बाबा हुता. तो जबडा दाबून ठीक करंल, असं अण्णांनी ठरवलं. सकाळी आमी तिघं त्याच्या गावच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो. शेजारी गाठोडं घेऊन एक म्हातारी. "नगरची गाडी आली की मला चढव रं लेकरा. डोळे दाखवायचेत, काय दिसंना झालंय."

नगरची गाडी आधी आली, तीबी गच्च. मी आजीला हाताला धरून चढवलं, मागनं तिचं गाठोडं घेऊन आई चढली, त्याच्या मागनं माणसांनी रेटलं न् कंडक्टरनं डबल बेल मारली. अण्णा पळत येऊन दांडीला लोंबकळले. "आवो थांबा, माझं बिऱ्हाड पळवलं!" अख्खी गाडी हसली. मी उतराया निघालो, तर आजी हात सोडंना. चाचपत तिनं माझ्या गालावर हात ठेवला.

"दुखतंय व्हय रं? मंग चल की संगं. दवाखाना तिकडंच हाय."

आई म्हणली, "चला आता. तिकिटं काढा."

आजीला डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारात सोडलं न् मॅडमकडं गेलो. त्यांनी फोटो बघितला. "ही जाळी एक्स-रेत दिसतच नाही. नवीन हाड भरेल तसं तिथं पांढरं दिसेल. सूज टाक्यापाशी आहे, औषधानं उतरेल." मग बाबाचं कळलं, तशा त्या खुर्चीत टेकल्या. "दाबला असता तर जबडा मोडला असता." अण्णा नुसती टोपी हातात फिरवत राहिले.

माघारी आलो तवर आजी तिथं नव्हती. नाव विचारायचंबी राहून गेलं. ती कोण हुती म्हणून मी काय गोष्ट रचत न्हाई. डोळे दाखवायला आलेली म्हातारी हुती. पण तिला दिसत नव्हतं न् आमाला वाट तिनंच दावली, एवढं खरं.

बऱ्याच महिन्यांनी नवा फोटो निघाला. काळ्या भोकाच्या कडेनं पांढरं भरत आलं हुतं. अण्णा म्हणले, "आता दिसतंय!" मला वाटलं, कायच दिसत नव्हतं तवाबी काम चालूच हुतं की. मीच रुसून माघारी आलो हुतो.

आता देवळात जातो, काय मागत न्हाई. सगळ्या जगाची नक्कल करणारा मी तिथं गप बसतो. आतल्या आत जीभ डाव्या हिरडीवरनं फिरवतो. त्याची जाळी कुठं संपली न् माझं हाड कुठनं सुरू झालं, काय म्हणता काय लागत न्हाई. मग हात आपोआप जुळत्यात.